हजेरी नसलेलं राज्य

त्या वर्षी शाळेची इमारत होती, फळा होता, खडू होते; मुलंच नव्हती. लागोपाठ पाऊस हुकला होता आणि जानेवारीपासून गावातलं जे कुणी डोक्यावर टोपली घेऊ शकत होतं ते दुष्काळी कामावर गेलं होतं. माझ्या नववीच्या पटावर सव्वीस नावं आणि बाकांवर चार मुली. त्यातल्याही दोघी पुढच्या आठवड्यात येईनाशा झाल्या.

मी नगरची. वय बावीस. बी.ए.ला इतिहासात पहिला वर्ग मिळवून, बी.एड. करून मिरजगावच्या अलीकडच्या या गावात नोकरीला आले होते. बरोबर एक वळकटी आणि पुस्तकांनी भरलेली पत्र्याची पेटी. इतिहास मला येतो, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

आमचे हेडमास्तर ख्रिस्ती होते. पन्नाशी ओलांडलेले, उंच, बंद गळ्याचा एकच कोट उन्हाळ्यातसुद्धा घालणारे. त्यांनी रिकाम्या वर्गांतून एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, "मुलं शाळेत येत नाहीत ना? मग शाळा मुलांकडे नेऊ."

काम गावापासून दीड-दोन मैलांवर माळावर चाललं होतं. पाझर तलावाचा भराव आणि त्याच्या शेजारीच रस्त्याच्या खडीचे ढीग. पुरुष टिकावानं खणायचे, बायका माती वाहायच्या नाहीतर खडी फोडायच्या. दुपारची सुट्टी दीड तासाची. हेडमास्तरांनी कामावरच्या साहेबांना भेटून त्यातला एक तास मागून घेतला. दोन बाभळींच्या मधोमध फळा टेकवला आणि आमची शाळा सुरू झाली. मुलं भाकरी खाता खाता ऐकायची. त्यांच्या आया जवळपासच बसायच्या, त्यांच्याही कानावर पडायचं.

पहिल्याच आठवड्यात धडा आला तो 'इंग्रजी राज्याचे फायदे आणि तोटे'. हा प्रश्न परीक्षेत हमखास असायचा, म्हणून मी मुद्दे उतरवून द्यायला लागले. रेल्वे. टपाल आणि तार. तिसरा मुद्दा कायद्याचं राज्य. मी सावकाश सांगत होते, "सर्व देशात एकच कायदा लागू झाला. तो गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच होता."

"न्हाई बाई. सारका नव्हता."

आवाज मुलांमधून आला नव्हता. खडीच्या शेवटच्या ढिगापाशी एक बाई बसली होती. पंचावन्नच्या आसपासची, काळी, काटक, हातात हातोडी तशीच. सुट्टीतही ती बहुतेक वेळ काम करत राहायची. तिच्या ढिगाशेजारी दुसऱ्या कुणाचा ढीग नसतो, हे मी तोवर पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. ती फासेपारध्यांच्या वस्तीवरची होती. मी तिला मावशी म्हणायचे, ते मात्र त्या दिवसापासून.

मी विचारलं, "सारखा नव्हता म्हणजे?"

"माझ्या बापाची दिसातनं तीनदा हजेरी असायची. सकाळच्याला, दुपारच्याला आन दिवस मावळताना. पाटलाच्या चावडीवर. गावाची शीव वलांडायची तर चिठ्ठी लागायची. तुमच्या बापाची हुती का?"

"काय केलं होतं त्यांनी?"

"जल्मला हुता," ती म्हणाली आणि पुढचा दगड उचलला.

मुलं माझ्याकडे बघत होती. तिसरा मुद्दा अर्धाच राहिला होता. तो मी त्या दिवशी पुरा केला नाही.

परत येताना मी हेडमास्तरांना विचारलं. ते चालता चालता सांगत गेले. काही जमातीच्या जमाती सरकारनं जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. वहीत नावं, बोटांचे ठसे, हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पडलं तर तुरुंग. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी तो कायदा गेला. मी म्हणाले, "सर, मला हे कुणीच शिकवलं नाही."

"पुस्तकात नाही ते," ते म्हणाले. "मलाही पुस्तकातून कळलेलं नाही. लहानपणी चावडीसमोरची ती रांग मी पाहिली आहे."

दुसऱ्या दिवशी मी शाळा भरायच्या आधी तिच्या ढिगापाशी गेले. म्हणाले, "मावशी, काल मी चुकीचं सांगितलं."

"मग आता बरूबर सांगा. इंग्रज आला नसता तर आमचं काय झालं असतं?"

मी शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. म्हणाले की मग कदाचित फ्रेंच आले असते, नाहीतर पोर्तुगीज, किंवा आपलीच राज्यं एकमेकांशी लढत राहिली असती.

तिनं ऐकून घेतलं. "त्ये मला ठावं न्हाई. माझ्या बापाला तीनदा कुनी बोलावलं असतं का न्हाई, तेवडं सांगा."

"ते मला सांगता येणार नाही."

"मग मी सांगते. चुकलं तर बोला."

अशी तिची गोष्ट सुरू झाली. पहिल्या दिवशी ऐकायला मी आणि माझी मुलं, एवढेच होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बायका भाकरीची फडकी घेऊन जवळ सरकल्या. मग पुरुषही आले, पण ऐकत नसल्यासारखे, पाठ करून बसायचे. रोज थोडं थोडं ती सांगायची, दगड फोडता फोडता. हातोडी पडायची तिथं वाक्य थांबायचं.

मला वाटलं होतं, ती राजेरजवाड्यांची लढाई फिरवेल, कुणा शूराला जिंकवेल. तिनं तसलं काही केलं नाही. तिच्या गोष्टीत इंग्रज आला. गलबतं आली, तोफा आल्या, नगरचा किल्लाही पडला. "त्ये मोठ्यांचं मोठे बघतील," ती म्हणाली. तिनं बदलली एकच गोष्ट.

जमातींची नावं वहीत लिहायला एक गोरा साहेब घोड्यावरून या भागात आला. उन्हाळ्याचे दिवस. बरोबरची माणसं मागं राहिली आणि तो माळावर वाट चुकला. पाणी संपलं. घोडा तोंडाला फेस आणून बसला. तिथं तिचा आजा फासे लावायला गेला होता. त्यानं दुरून साहेबाला पाहिलं.

"आता बगा," ती म्हणाली, "त्यानं सोडून दिला असता तर कुनी इचारलं नसतं. पर त्यो जवळ गेला. म्हनला, दम धर, पानी हाय हितं. साहेबाला बोली कळंना. आज्यानं त्याला खाली बसवलं आन तित्तराला हाक मारली."

आणि तिनं हातोडी खाली ठेवली, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि हाक दिली.

ती हाक मला लिहून दाखवता येणार नाही. अक्षरांत ती बसत नाही. सुरुवातीला एक अडखळता सूर, मग तीन-तीन स्वरांची चढती घाई. एका माणसाच्या छातीतून ती निघते आहे हे समोर दिसत असूनही पटत नव्हतं. तिनं दोनदा हाक दिली आणि थांबली. त्या माळावर कित्येक महिन्यांत पाखरू दिसलं नव्हतं. चिमण्यासुद्धा गाव सोडून गेल्या होत्या.

मग ओढ्याच्या अंगाच्या काटवनातून, खूप लांबून, उत्तर आलं.

पाठ करून बसलेले पुरुष वळले. भरावावर उभा असलेला एकजण तिथंच खाली बसला. माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवतो. ऊन इतकं होतं की हात लावला तर दगड भाजायचा, आणि माझे दंड थंड पडले होते. ती मात्र नेहमीच्या आवाजात पुढं म्हणाली, "तित्तर बोलतं तिकडं पानी असतं. आज्यानं साहेबाला तिकडं न्हेला. वाळूत हातभर उकरलं. पानी पाजलं."

तो साहेब मग तंबूत परत गेला आणि वही उघडून बसला. पण ज्याच्या ओंजळीनं पाणी प्यालो त्याला चोर कसं लिहायचं, हे त्याला सुचेना. त्यानं ते पान कोरं ठेवलं. बस्स. एवढाच फरक. त्या कोऱ्या पानापासून तिचं राज्य सुरू झालं.

त्या राज्यात काय काय झालं ते तिनं महिनाभर सांगितलं. तिचा बाप राशीनच्या जत्रेला गेला आणि तीन दिवस राहिला. कुणाला न विचारता. चौथ्या दिवशी परत आला तो पायात नव्या वहाणा घालून. तिच्या चुलत्याला घोडीची हौस होती, त्यानं घोडी पाळली आणि ती चोरीची आहे का असं कुणी विचारलं नाही. वस्तीवर पाहुणे आले, त्यांना मुक्काम करता आला. इतक्या लहान गोष्टी. मी साम्राज्यं उलथलेली वाचली होती, तहाची कलमं पाठ केली होती. पण माणसाला तीन दिवस जत्रेत राहता येणं हा इतिहासाचा एवढा मोठा बदल असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग तिच्या आईचा दिवस आला.

आधी तिनं खरं काय घडलं ते सांगितलं. ती चार-पाच वर्षांची होती. आईला दिवस भरले होते आणि दुपारपासून कळा येत होत्या. सुईण तीन कोसांवरच्या गावात. बाप शीव ओलांडायची चिठ्ठी मागायला चावडीवर गेला. पाटील पाहुण्यांच्या गावी लग्नाला गेले होते. चिठ्ठी देणारं दुसरं कुणी नव्हतं. विनाचिठ्ठी एकदा गेला होता तेव्हा त्याला सहा महिने बेडी पडली होती. तो चावडीच्या पायरीवर बसून राहिला. पाटील परत येईस्तोवर आई गेली होती, आणि पोटातलंही.

हे सगळं तिनं दगड फोडत फोडत सांगितलं. मग ती थांबली. पदरानं कपाळ पुसलं आणि तिचं राज्य पुन्हा सुरू केलं.

"दुपारला आईच्या पोटात दुखाया लागलं. बाप उठला आन गेला. कुनाला इचारलं न्हाई." आणि पुन्हा एकदा, जरा हळू, "उठला आन गेला."

आजूबाजूच्या बायकांच्या हातातला घास हातातच होता.

त्या राज्यात सुईण आली, मुलगा झाला. आई जगली. आणि मग ती रोज आईला एकेका वर्षानं वाढवत गेली. चार-पाच वर्षांच्या मुलीला आई कितीशी आठवणार? पण तिनं ती चाळिशीची केली, पन्नाशीची केली. तिचे पुढचे दोन दात पाडले. केस पिकवले, पण मागचेच, कानशिलांवरचे काळे ठेवले. "म्हातारपनी लई किरकिरी झाली माझी आई," ती एकदा म्हणाली. "सुनंनं भाजी केली की म्हनायची मीठ न्हाई. मीठ टाकलं की म्हनायची खारट." सगळ्या बायका हसल्या. तीही हसली. मी हसता हसता थांबले. कारण मला दिसलं की ही बाई आम्हाला गोष्ट सांगत नाही. जे माणूस तिला मिळालंच नाही त्याचं म्हातारपण ती हातोडीच्या ठोक्यागणिक घडवते आहे, आणि त्यात किरकिरसुद्धा सोडत नाही. असं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं पाहिलेलं नाही.

हसल्या नाहीत त्या एकच. पाटलांच्या घरातल्या. तो दुष्काळ असा होता की पाटलांच्या घरची बाईही आमच्याबरोबर खडी फोडत होती, डोक्यावरचा पदर दोन्ही कानांमागे घट्ट खोवून. लग्नाला गेलेले ते पाटील त्यांचे सासरे होते. त्या उठल्या आणि आपल्या ढिगाकडे गेल्या.

हेडमास्तर हे सगळं बाभळीला टेकून ऐकायचे. एक दिवस गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "मावशी, तुमच्या राज्यात मी कुठं आहे?"

तिला कळलं नाही.

"माझे आजोबा वेशीबाहेर राहायचे," ते सांगू लागले. "गावच्या शाळेच्या भिंतीलाही त्यांना हात लावता यायचा नाही. मग मिशनची शाळा निघाली. पाद्री अमेरिकेचा, पण तो इथं आला तो इंग्रजांचं राज्य होतं म्हणून. त्या शाळेत माझे आजोबा आत बसले. बाहेर नाही, आत. मी आज हेडमास्तर आहे तो त्यामुळं. इंग्रजांनी तुमच्या वडिलांना चावडीत बसवलं, माझ्या आजोबांना वर्गात बसवलं. दोन्ही खरं आहे. आता मी काय करू?"

मी घाबरले. वाटलं, आता दोघांचं वाजणार. ती म्हणाली, "इचार करते, मास्तर," आणि हातोडी उचलली.

पुढचे दोन दिवस गोष्ट झालीच नाही. लोक येऊन बसले, तिनं मान हलवली, लोक गेले. तिसऱ्या दिवशी तिनं हेडमास्तरांना बोलावणं पाठवलं.

"मास्तर, तुमच्या आज्याला मी रानात न्हेला. रानाला येस नसती, त्यामुळं येशीभाईर कुनी नसतं. माझ्या आज्यानं त्याला फासं लावायला शिकवलं, माग काडायला शिकवलं. पोटाला कमी पडलं न्हाई त्याला." ती हातातला दगड फिरवत राहिली. "पर अक्षर कुनी शिकवायचं त्ये मला सापडंना. लई धुंडलं. आमच्यात कुनालाच येत नव्हतं. तितं माझी गोष्ट आडती."

हेडमास्तर तिच्यासमोर, तशाच कोटानिशी, मातीत बसले. "अडू द्या, मावशी," ते म्हणाले. "माझी गोष्टही अडते. तुमच्या वडिलांपाशी."

मी त्यानंतर याच प्रश्नावर पुष्कळ व्याख्यानं ऐकली, मोठमोठ्या माणसांची. एक बाजू घ्यायची आणि दुसरी पाडायची. आपली गोष्ट कुठं अडते हे आपणहून सांगणारी माणसं मी त्या माळावरच पाहिली.

त्याच सुमारास मी एक कोरी वही घेऊन गेले. म्हटलं, मावशी, हे सगळं लिहून ठेवते. तिनं माझं मनगट धरलं. तिचा तळवा खडीसारखाच खरखरीत होता.

"वहीत नको, बाई. वहीत गेलेलं मानूस लवकर भाईर येत न्हाई."

"ही तसली वही नाही."

"वही वहीच असती. मी हाय तवर नको."

मी वही परत नेली. त्यामुळं आज जे सांगते आहे ते आठवणीतलं आहे. पुष्कळ सुटलं असेल. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून लिहिण्याचं धाडस करते.

उन्हाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. एका सकाळी कामावरच्या सहा पहारी जागेवर नव्हत्या. मुकादमानं शोधाशोध केली आणि पोलीस चौकीवर माणूस धाडला. दुपारी, आमची शाळा भरली असतानाच, सायकलवरून एक हवालदार आला. मुकादमानं शेवटच्या ढिगाकडे बोट केलं.

हवालदारानं खिशातून वही काढली. वाईट माणूस नव्हता तो, दमलेला होता. "काल दिवस मावळताना कुठं होतीस?" त्यानं विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पार बदलला होता. इतके दिवस जिनं आम्हा दीड-दोनशे माणसांना मुठीत धरलं होतं ती बाई त्या एका प्रश्नासरशी उठून, हात जोडून, मान खाली घालून उभी राहिली. पायसुद्धा जुळवले होते. तिला हे कुणी शिकवलं होतं ते मला त्या क्षणी समजलं. तिनं चावडीवर बापाला असंच उभं राहिलेलं पाहिलं असणार.

"वस्तीवर हुते, साहेब."

"कुणी पाहिलं?"

वस्तीवरच्या माणसांची साक्ष कुणी धरणार नाही, हे तिलाही माहीत होतं. हेडमास्तर पुढं व्हायला निघाले. पण त्यांच्या आधी पाटलांच्या घरच्या बाई उठल्या. सावकाश चालत तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या ढिगाला लागून, जिथं इतक्या महिन्यांत कुणी बसलं नव्हतं तिथं, खाली बसल्या.

"मी पायलं," त्या म्हणाल्या. "दिवस मावळताना ती माज्यासंगट हुती. आमी दोगी एका वाटनं घरला गेलो."

हवालदारानं विचारलं, "तुम्ही कोण?"

त्यांनी सासऱ्यांचं घर सांगितलं. हवालदार वही धरून तसाच उभा राहिला. तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं की पारध्यांची वस्ती गावाच्या एका टोकाला आणि पाटलांचं घर दुसऱ्या. त्या दोघींच्या घराला जाणारी एक वाट नव्हतीच. पण कुणी तोंड उघडलं नाही. उलट आणखी एक बाई उठून तिकडे गेली, मग आणखी दोघी. कुणी काही घोषणा केली नाही. जागा बदलून बसल्या, इतकंच. सुट्टी संपल्याची शिट्टी झाली तरी उठल्या नाहीत.

हवालदारानं वही मिटली. मुकादमाला म्हणाला, "आधी जागेवर नीट बघा," आणि सायकल हातात धरून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी भरावाच्या उतरणीवरून ढासळलेली माती उपसताना खाली पहारी निघाल्या. सहाच्या सहा. मुकादमानं त्या मोजून शेडमध्ये ठेवल्या. मावशीनं पहारींकडे पाहिलंसुद्धा नाही. पण तिच्या ढिगाशेजारी आता पाटलांच्या घरच्या बाईंचा ढीग होता. त्या दोघींमध्ये चाळीस-पन्नास वर्षांमागच्या त्या चावडीबद्दल काही बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

काम आटोपत आलं तेव्हा बायकांनी तिला विचारलं, "मावशे, तुज्या राज्यात आता काय चाललंय?" गोष्ट चालत चालत आमच्याच दिवसांपर्यंत आली होती.

मला वाटलं, आता हिरवी शिवारं येतील, भरलेल्या विहिरी येतील. ज्या बाईला माळावरून पाखराचं उत्तर आणता येतं तिला पाऊस आणणं काय अवघड?

"पाऊस तितं बी न्हाई पडला," ती म्हणाली. "दुष्काळ तितं बी हाय. मी तितं बी खडीच फोडते. तुमी समद्या बी हायेत."

एक तरुण बाई जरा नाराजीनं म्हणाली, "मग येवढं समदं करून बदललं काय?"

मावशीनं हातोडीच्या दांड्यानं बाभळीकडे दाखवलं. फळ्याच्या पलीकडे, बुंध्याशी, दोन हात पसरावेत एवढी सावली पडली होती. तिथं कुणी नव्हतं.

"आई बसलीय तितं. घरी करमत न्हाई म्हनून आलीय संगं. सुपारी कातरती."

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. पुरुषांनी, बायकांनी, माझ्या मुलांनी. हेडमास्तरांनी तर कोटाचं बटण लावलं, वडीलधाऱ्या माणसासमोर लावतात तसं. कुणी हसलं नाही. त्या रिकाम्या सावलीकडे दीड-दोनशे माणसं बघत होती आणि मी देवाची शपथ घेऊन सांगते, तिथं जागा अडलेली होती. एक बाई पाण्याचा हंडा घेऊन त्या वाटेनं निघाली होती, ती वळसा घालून गेली.

जूनच्या शेवटी काम बंद झालं. शाळा पुन्हा इमारतीत भरली, बाकं हळूहळू भरली. मावशीच्या थोरल्या मुलाला त्या हंगामात पाटलांच्या घरच्यांनी शेताच्या राखणीला ठेवलं. गावात त्यावरून कुजबुज झाली आणि मग विरून गेली. मी आणखी तीन वर्षं त्या गावात होते, मग माझी बदली श्रीगोंद्याला झाली.

त्याच पावसाळ्यात तलावानं पाणी धरल्याचं कळलं तेव्हा मी मुलांना घेऊन बघायला गेले होते. गढूळ, पसरट पाणी, कमरेइतकंच असेल. मावशी भरावावर आधीच येऊन बसली होती. मी शेजारी बसले. मग ती उठली, कुणाला न विचारता उतरणीवरून खाली गेली, लुगडं जरा वर घेतलं, घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली आणि ओंजळीनं आपले पाय धुवायला लागली, सावकाश, आधी एक, मग दुसरा.